माग बंद पडला की

स्टीलचं झाकण ओट्यावरून घसरलं, फरशीवर पडून गोल गोल फिरलं आणि बराच वेळ थरथरत राहून एकदाचं गप झालं.

दुपारचे तीन वाजले असतील. लाइट गेलेली. आमच्या घराखालच्या शेडमधले आठही यंत्रमाग थांबले होते, आजूबाजूच्या गल्ल्यांमधलेही. इचलकरंजीत लाइट गेली की जी शांतता पडते ती अंगावर येते. त्यात ते झाकण म्हणजे कानाशी कुणी घंटा बडवावी तसं वाजलं. मी दचकून उठून बसले. पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी "काय पडलं ग?" म्हणून हाक दिली. खिडकीतलं पारवं फडफडत उडालं.

गार्गी हलली नाही.

अकरा महिन्यांची होती ती. माझ्या भावानं आठवड्यापूर्वी आणून दिलेल्या स्प्रिंगच्या पाळण्यात निजली होती. तोंड अर्धवट उघडं, एक मूठ गालाशी. मी तिच्या छातीकडं बघत राहिले. श्वास नीट चालला होता. पापणीसुद्धा लवली नव्हती.

गच्चीच्या जिन्यावरून धावत पावलं आली. हेमावन्सं. माझ्या थोरल्या नणंदबाई. लग्न मोडल्यापासून दहा वर्षं त्या इथंच होत्या आणि गावातल्याच एका प्रसूतिगृहात नर्स होत्या. गार्गी त्यांच्या हातावर जन्मली होती. वाळलेली दुपटी छातीशी धरून त्या दारात उभ्या राहिल्या.

झाकण त्यांच्या पायाशीच पडलं होतं. त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. आधी पाळण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"उठली न्हाई न्हवं?"

"नाही."

"मागावरचं पोर हाय. आवाजाला काय भितंय ते!" त्या हसल्या. दुपटी खाटेवर टाकून घड्या घालायला लागल्या. "सकाळी बघितलंस का प्रणिता, कुकरची शिट्टी झाली तशी कशी टकामका बघाय लागली. म्हटलं, बाई, आत्याच्या आधी हिलाच भूक लागली."

मी काहीच विचारलं नव्हतं.

मला संशय होता, अधूनमधून वन्संना विचारलंही होतं, पण त्याला पाय टेकायला जागा नव्हती. हाक मारली की ती कधी बघायची, कधी नाही. बोबडं काहीतरी पूर्वी बोलायची, तेही अलीकडं कमी झालं होतं. पण आमच्याकडं एक खूण होती आणि सगळे त्या खुणेवर निर्धास्त होते. मागावरची पोरं खडखडाटात झोपतात आणि माग थांबला की जागी होतात. गल्लीतल्या प्रत्येक घरात हेच. लाइट गेली की ओळीनं पोरं रडायला लागतात. गार्गीही उठायची. खालच्या सतरंजीवर गाढ झोपलेली असायची, माग थांबला की डोळे उघडून इकडं तिकडं बघायची आणि भोकाड पसरायची. दोन महिन्यांची असताना पहिल्यांदा उठली तेव्हा वन्संनी देवापुढं साखर ठेवली होती.

"बघ," सासूबाई म्हणायच्या, "कान कसलं तिखट हायत."

मग आज का उठली नाही? माग तर मघाशीच थांबले होते. वर झाकणही पडलं.

त्या रात्री मी तिचं लसीचं कार्ड काढलं. मागच्या पानावर छापलेले प्रश्न असतात, बाळ कितव्या महिन्यात काय करतं त्याचे. "आवाजाच्या दिशेने मान वळवते का?" त्यापुढं निळ्या पेनानं बरोबरची खूण होती. सगळ्याच प्रश्नांपुढं होती. अक्षर नव्हतं, नुसती खूण, पण ती खूण कुणाची ते मला माहीत होतं. घरातली सगळी कागदपत्रं वन्संच भरायच्या. त्याखाली बारीक टाइपात लिहिलं होतं, की शंका असल्यास वाट पाहू नका, पहिल्या वर्षात ऐकू आलं नाही तर बोलणं मागं पडतं.

पहिलं वर्ष संपायला चोवीस दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी चोरून तपासायला लागले. स्वतःच्याच लेकीच्या पाठीमागून दबकत जायचं आणि टाळी वाजवायची. वळायची. माझं काळीज उड्या मारायचं. मग लक्षात आलं, समोरच्या कपाटाच्या आरशात मी दिसते. आरशावर साडी टाकली. वळली नाही. मग पुन्हा जोरात वाजवली, वळली. पण टाळीचा वारा तिच्या मानेवर गेला असणार, जावळ हललं होतं. मी वाटी-चमचा घेतला, लांबून वाजवला. ती तिच्या लाकडी घोड्याचं शेपूट चावत बसली होती. तल्लीन.

"काय चाललंय?" वन्सं दारात.

"खेळतोय."

"ये ग माझी बाय," म्हणून त्या आत आल्या, फरशीवर पाय जरा आपटून आल्या असं मला वाटलं, आणि गार्गीनं मान वर करून त्यांच्याकडं बघून दोन दात दाखवले.

"आत्याची चाहूल बरोबर लागती तिला," वन्सं म्हणाल्या.

चौथ्या दिवशी पुन्हा लाइट गेली. त्या वेळी मी मुद्दाम तिला खाली, सतरंजीवर निजवलं होतं. माग थांबले. गार्गीनं डोळे उघडले. रडली. मी तिला उचलायच्या आधी माझा तळवा फरशीवर टेकलेला होता. मला काय जाणवलं ते शब्दांत सांगायला अजून जमत नाही. जाणवलं असं नाहीच, जाणवायचं बंद झालं. इतका वेळ फरशी एखाद्या मोठ्या जनावराच्या पाठीसारखी आतून थरथरत होती. तीन वर्षं त्या घरात राहून मला ते कधी कळलं नव्हतं. थरथर थांबली, म्हणून पोर उठली.

स्प्रिंगच्या पाळण्यात ती थरथर पोचत नव्हती.

मी तिला छातीशी घट्ट धरलं आणि तिच्या कानाशी तोंड न नेता, भिंतीकडं बघत, हळूहळू आवाज वाढवत तिचं नाव घेतलं. शेवटी ओरडलेच. सासूबाई धावत आल्या. गार्गी माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती.

"अहो, गार्गीला ऐकू येत नाही असं वाटतंय मला," मी रात्री नवऱ्याला, श्रीशैलना म्हटलं.

ते जेवत होते. "कोण म्हणालं?"

"मी म्हणतेय."

"ताईला विचारलंस?"

"ताईंना काय विचारायचं? आपण एकदा दाखवून येऊ ना मिरजेला."

"अगं, ताई वीस वर्षं पोरंच बघते रोज. तिला कळणार नाही आणि तुला कळंल?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बाळंतपणापासनं तू जरा जास्तच भीती घेतलीयस. आईपण म्हणत होती."

वन्सं त्यांना आमटी वाढत होत्या. पळी हलली नाही, आमटी सांडली नाही. "घेऊन जा की," त्या म्हणाल्या. "एवढं वाटतंय तर जा. पण वर्ष झालं की जा. आत्ता नेलं तर झोपेचं औषध पाजतात, अशक्त पोर, कशाला त्रास."

म्हणजे तिथं काय करतात हे त्यांना माहीत होतं.

भांडी घासताना मी विचारलं. आवाज अगदी सहज ठेवला. "वन्सं, जन्मल्यावर कानाची तपासणी करतात ना तुमच्या दवाखान्यात? आपल्या गार्गीची केली होती?"

"केली की." त्यांनी लगेच माझ्याकडं बघितलं. सरळ, डोळ्यात. "तिसऱ्या दिवशी. मंगळवार होता बघ. तुला ताप होता, तू ग्लानीत होतीस. चष्मेवाला एक मुलगा मशीन घेऊन येतो सांगलीहून, त्यानं केली. गार्गी नुकती दूध पिऊन झोपली होती. अंगावर तुझ्या आईनं आणलेलं पिवळं झबलं होतं. दोन्ही कान बघितले त्यानं, आधी उजवा, मग डावा. सगळं छान होतं."

एरवी वन्सं कधी सलग तीन वाक्यं बोलत नसत. काही विचारलं की "हां", "न्हाई", "बघू". आणि आता पिवळं झबलं.

"कागद देतात का त्याचा?"

"देत असतील. कुठं ठेवला कोण जाणे." त्या धुतलेलं पातेलं पुन्हा घासायला लागल्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. उद्या, परवा, वाढदिवस झाल्यावर, असं म्हणत म्हणत पोरगी दोन वर्षांची होईल असं वाटायला लागलं. सकाळी मी सासूबाईंना सांगितलं की जयसिंगपूरला आईकडं जाऊन येते, आईला बरं नाही. आई ठणठणीत होती. मी खोटं बोलताना भाजी निवडत होते आणि मान वर केली नाही. सासूबाई म्हणाल्या, "जा बाई, जा." वन्सं ड्यूटीवर जायला निघाल्या होत्या. चपला घालता घालता थांबल्या, माझ्या पिशवीकडं बघितलं आणि गेल्या.

पिशवीत गार्गीची फाईल होती. कोपरा बाहेर आला होता.

स्टँडवर मिरजेची गाडी लागायला वीस मिनिटं होती. गार्गी माझ्या खांद्यावरून मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याच्या टोपीकडं हात नेत होती. समोरच एका गाडीचा हॉर्न वाजला, सगळा स्टँड दचकला. ती टोपीकडंच.

तेवढ्यात गेटातून वन्सं येताना दिसल्या. पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, भराभर. एकच डोक्यात, या मला परत नेणार. श्रीशैलना फोन केला असणार. मी उठले आणि दुसऱ्या फलाटाकडं निघाले. पोर काखेत, पिशवी खांद्यावर, जवळजवळ पळत.

"प्रणिता! थांब ग!"

"मी जाणार आहे," मी वळून म्हणाले. लोक बघायला लागले. "तुम्ही काही म्हणा. मी आज जाणार."

"जा की. मी कुठं नको म्हणतेय." त्यांना धाप लागली होती. पर्समधून त्यांनी एक कागद काढला. चार घड्या, घड्यांवर झिजलेला. "हे घेऊन जा. तिथं मागतील."

मी उघडला. गार्गीचं नाव नव्हतं, माझंच होतं, "यांचे बाळ" म्हणून. तारीख. मंगळवारच होता. उजवा कान, डावा कान, आणि दोन्हीपुढं ‘पास’च्या जागी एकच शब्द, रेफर. खाली पेनानं लिहिलं होतं, एक महिन्याने पुन्हा तपासणे.

म्हणजे त्यांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. मशीन, चष्मेवाला मुलगा, झबलं. शेवटचं तेवढं सोडून.

"तुम्हाला माहीत होतं."

"पुष्कळ पोरांचं पहिल्यांदा तसं येतं. कानात पाणी असतं, घाण असती. महिन्यानं नीट येतं. तुला एकशेतीन ताप होता, दूध उतरत नव्हतं. म्हटलं, हिला आत्ता सांगितलं तर ही उठायची न्हाई. महिन्यानं गुपचूप करून आणते."

"मग?"

"मग ती माग थांबल्यावर उठली." वन्संचा आवाज अगदी बारीक झाला. "मला खरंच वाटलं ग. आईची शपथ. म्हटलं, येतंय पोरीला ऐकू. कशाला पुन्हा मशीन लावायचं."

"आणि कळलं कधी?"

त्या पर्सची चेन लावायला लागल्या.

"वन्सं, कधी?"

"पाचव्या महिन्यात. माझ्या मांडीवर होती. तू अंघोळीला गेली होतीस. लाइट गेली आणि ही हसतच राहिली. मग मी तिच्या मागं ताट वाजवलं." त्यांनी गार्गीकडं बघितलं. गार्गीनं त्यांच्याकडं झेप घेतली, दोन्ही हात पसरून, रोज घ्यायची तशीच. मी तिला मागं ओढलं. ती रडायला लागली.

"सहा महिने," मी म्हटलं.

"रोज ठरवायची, आज सांगते. मग तू विचारायचीस, वन्सं, हिला ऐकू येतं ना? तुझं तोंड बघायची आणि माझ्या तोंडातनं व्हय निघून जायचं. एकदा व्हय म्हटलं की दुसऱ्या दिवशी न्हाई कसं म्हणायचं? मग रोज काहीतरी शोधून काढायची, शिट्टी काय, चाहूल काय." त्यांनी युनिफॉर्मच्या बाहीनं नाक पुसलं. "आई मला घरात ठेवायची न्हाई. श्रीशैल तर..."

गाडी लागली. लोक चढायला लागले.

मला त्या क्षणी त्यांना मारावंसं वाटलं. खरंच. पण गार्गी इतकी वाकली होती त्यांच्याकडं, की एका हातानं पेलत नव्हती, आणि दारात गर्दी झाली, आणि कंडक्टर "चला चला, ताई, वर चढा" म्हणून ओरडला. मी पोर त्यांच्या हातात दिली आणि पिशवी घेऊन चढले. जागा धरली. त्या तिला घेऊन मागोमाग आल्या. मिरजेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दवाखान्यात झोपेचं औषध पाजल्यावर गार्गी वन्संच्या मांडीवर झोपली. डोक्याला, कानामागं वायरी चिकटवल्या. पलीकडच्या काचेमागं एक मुलगी स्क्रीनकडं बघत बसली होती. मी तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत होते. काही कळत नव्हतं. वन्संनी मात्र एकदा बघितलं आणि डोळे मिटून घेतले. त्यांना कळलं होतं.

डॉक्टरबाई वयस्कर होत्या. त्यांनी फिरवून फिरवून सांगितलं नाही. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच नाही. आधी कानाला मशीन लावून बघू, मग ऑपरेशनचा विचार. होईल, बोलेल, पण मेहनत फार आहे. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"जन्मल्यावर तपासणी झाली नव्हती का?"

कागद माझ्या पिशवीत होता.

"झाली होती," मी म्हणाले.

"काय आलं होतं?"

"पुन्हा करायला सांगितलं होतं."

"मग?"

माझ्या शेजारी वन्संनी तोंड उघडलं. मला दिसलं ते. "डॉक्टर, खरं म्हणजे मी..."

"वन्सं, तिचं डोकं नीट धरा, मान लटकतीय," मी म्हटलं. आणि डॉक्टरबाईंकडं बघून सांगितलं, "मी आजारी होते. माझ्याच डोक्यातून गेलं. कागदही हरवला."

त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलेली नाही. "तुम्ही आई ना," एवढंच म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

त्यांना संशयसुद्धा आला नाही. आणि मी खाली बघितलं नव्हतं, की जास्त बोलले नव्हते.

घरी मी तेच सांगितलं. श्रीशैल बरेच दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. सासूबाई देवापुढं बसून माझ्या नावानं रडल्या. वन्संनी दुसऱ्या महिन्यात नोकरी सोडली. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यानंतर मात्र गार्गीला घेऊन रोज बसायच्या, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या आणि "आ" म्हणायच्या. शंभरदा. दोनशेदा. अडीच वर्षांची असताना कानात मशीन बसवायचं ऑपरेशन झालं. मशीन सुरू केल्यावर पहिल्यांदा ती घाबरून किंचाळली आणि वन्संच्या पदराखाली शिरली. पहिला शब्द "पाणी" म्हणाली. दुसरा "आत्या". "आई" म्हणायला तिला अजून चार महिने लागले.

आठ वर्षं झाली या सगळ्याला.

गेल्या रविवारी मिरजेला मशीनवाल्या मुलांचा मेळावा होता. तिथं ओवी नावाची सहा वर्षांची एक मुलगी होती. तिनं माईकसमोर कविता म्हटली, स्वच्छ, र आणि स अगदी सुटे सुटे. गार्गी पहिल्या ओळीत बसून तिच्याकडं एकटक बघत होती.

संध्याकाळी वन्सं ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि मी गणवेशाला गुंडी लावत होते. गार्गी येऊन माझ्या समोर मांडी घालून बसली. मशीन असलं तरी ती बोलणाऱ्याचं तोंड बघते. ती सवय गेली नाही. तिच्याशी बोलताना तोंड फिरवता येत नाही.

"आई, ओवी एक वर्षाची होती तेव्हा तिचं ऑपरेशन झालं. तिच्या आईनं सांगितलं."

"हो का?"

"म्हणून ती नीट बोलते. लवकर झालं की नीट बोलता येतं. मी किती वर्षांची होते?"

"अडीच."

"माझं उशिरा का झालं?"

"आधी तपासावं लागतं ना ग. तपासायला उशीर झाला."

"का झाला?"

सुई माझ्या हातात तशीच राहिली. मागं तांदळातला वन्संचा हात थांबला होता. गार्गीला ते दिसत नव्हतं. ती माझ्या ओठांकडं बघत होती, शब्द सुटला तर झेलायचा म्हणून.

"सांग ना," ती म्हणाली. "आत्या तर नर्स होती. घरात कुणालाच कळलं नव्हतं?"